लोखंडी पट्टीला हातानं भोक पाडणं आणि काउंटर मारणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटला बिजागरी लावायची असते, अँगलच्या मांडणीवर फळी बसवायची असते, जुन्या खिडकीला नवा कडी-कोयंडा हवा असतो. काम चार-सहा भोकांचं. घरात ड्रिल प्रेस (स्टँडवर बसवलेलं ड्रिलचं यंत्र) नसतो आणि तेवढ्यासाठी फॅब्रिकेशनवाल्याकडे सामान वाहून न्यायला जीवावर येतं. हे पान अशा कामांसाठी आहे. इथं लोखंड म्हणजे दुकानात एम.एस. म्हणून मिळणारं माइल्ड स्टील: पट्टी, अँगल, चौकोनी पाइप, पत्रा. बीड (ओतीव लोखंड) आणि स्टेनलेस यांची तऱ्हा वेगळी, ती इथं घेतलेली नाही. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच काम धरलं आहे: ४० बाय ६ मिमीच्या पट्टीत एम ६ चा (६ मिमी जाडीचा) चपट्या डोक्याचा स्क्रू पृष्ठभागाशी सपाट बसवणं. त्यासाठी भोकाचं तोंड शंकूसारखं रुंद करावं लागतं. त्यालाच काउंटर मारणं म्हणतात, आणि ते करायच्या हत्याराला काउंटरसिंक.

हातानं किती मोठं भोक पाडता येतं?

मूठ फिरवायचं, दातेरी चाकाचं साधं हँड ड्रिल असेल तर ६ मिमीपर्यंत आरामात. त्याच्या चकात (बिट पकडणाऱ्या जबड्यात) बहुधा ६ किंवा ८ मिमीपर्यंतचाच बिट मावतो. छातीनं दाबायची पट्टी असलेलं ब्रेस्ट ड्रिल मिळालं तर १२ मिमीपर्यंत जाता येतं, पण घाम निघतो. विजेचं हातातलं ड्रिल १० मिमीपर्यंत चांगलं काम देतं. त्यापुढे बिट अडकला की यंत्राचा हिसका मनगटावर येतो, म्हणून मोठी भोकं ड्रिल प्रेसवरच पाडून घ्यावीत असं माझं मत आहे.

कोणता ड्रिल बिट घ्यावा? सोनेरी रंगाचे चांगले असतात का?

माइल्ड स्टीलला साधा एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) बिट पुरतो. त्याच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा असतो. १३५ अंशांचा, टोक चिरलेला बिट मिळाला तर तो सुरुवातीला कमी सरकतो आणि हातातल्या ड्रिलला जास्त सोयीचा पडतो. कोबाल्टचे बिट कठीण पोलादासाठी असतात, या कामाला ते लागत नाहीत.

सोनेरी रंग हा टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर. चांगल्या बिटावर तो असला तर आयुष्य वाढतं, हलक्या बिटावर असला तर बिट हलकाच राहतो. रंग पाहून पैसे देऊ नका. भिंतीसाठीचा, टोकाला कार्बाइडची टिकली असलेला बिट लोखंडावर चालवू नका. तो दगड-विटा फोडायला केलेला असतो आणि लोखंडावर नुसता घासत राहतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी अशा ठिकाणी सुटे बिट मिळतात. वीस मापांचा स्वस्त संच घेण्याऐवजी ३, ४.५, ५, ६.५ आणि ८.५ असे पाच चांगले बिट घेतले तर घरातली बहुतेक कामं होतात.

भोक नेमकं खुणेवर का पडत नाही?

बहुतेक वेळा दोष बिटाचा नसून खुणेचा असतो. पेन्सिलीच्या रेघेवर थेट बिट टेकवला की तो घसरणारच, कारण बिटाच्या अगदी टोकाला अणी नसते, एक छोटी आडवी धार असते. तिला बसायला खड्डा लागतो.

आधी पट्टीवरचं तेल आणि गंज पुसून घ्या. रेघ उठून दिसण्यासाठी मार्किंगचं निळं मिळतं. ते नसेल तर पाण्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) विरघळवून पुसलेल्या, चकचकीत लोखंडावर लावा. तांब्याचा लालसर थर चढतो आणि स्क्राइबरची (लोखंडावर रेघ ओढायच्या अणकुचीदार सळईची) रेघ त्यावर लख्ख उमटते. आयटीआयच्या फिटरच्या वर्गात ही पद्धत शिकवतात, आणि घरीही ती तितकीच उपयोगी आहे. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून दोन रेघा एकमेकींना छेदतील अशा ओढा. छेदाच्या जागी आधी ६० अंशांच्या डॉट पंचानं हलका ठिपका द्या. भिंगातून किंवा नुसतं वाकून नीट पाहा. ठिपका सरकला असेल तर पंच तिरपा धरून त्याला छेदाकडे ढकला. जागा पटली की ९० अंशांचा सेंटर पंच त्याच ठिपक्यात उभा धरून हातोडीचा एकच ठाम ठोका द्या. खाली भक्कम लोखंड हवं. पट्टी अधांतरी असेल तर ठोक्यानं ती वाकते आणि खड्डा उथळ राहतो.

जागा महत्त्वाची असेल तर डिव्हायडरनं भोकाच्या मापाचं वर्तुळही ओढा आणि त्याच्या परिघावर चार बारीक ठिपके द्या. भोक पूर्ण झाल्यावर चारही ठिपके अर्धे-अर्धे उरले, तर भोक जागेवर आहे.

ड्रिल किती वेगानं फिरवायचं?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. लोखंडावर बिट जळतात ते जवळजवळ नेहमी जास्त वेगामुळे.

एचएसएस बिटाची धार माइल्ड स्टीलवरून मिनिटाला साधारण २५ मीटर सरकावी असा ठोकताळा आहे. त्यावरून सोपं सूत्र निघतं: ८००० ला बिटाच्या मिलिमीटरमधल्या व्यासानं भागा, मिनिटाचे फेरे मिळतात. ३ मिमीला सुमारे २६५०, ५ मिमीला १६००, ८ मिमीला १०००, १० मिमीला ८००.

आता घरातलं विजेचं ड्रिल पाहा. अनेकांवर २८०० फेरे लिहिलेले असतात. १० मिमीचा बिट लावून बटण पूर्ण दाबलं तर धार मिनिटाला ८८ मीटर सरकते, म्हणजे हव्या वेगाच्या साडेतीन पट. काही सेकंदांत धारेचे कोपरे निळे पडतात आणि त्यानंतर तो बिट कितीही दाबला तरी कापत नाही. बटण अर्ध्याहून कमी दाबायची सवय लावा. बॅटरीच्या ड्रिलला दोन गिअर असतील तर ५-६ मिमीच्या पुढे पहिला गिअरच वापरा. हातोडीच्या चित्राचा खटका बंद हवा, ते ठोके काँक्रीटसाठी असतात.

हातानं फिरवायच्या ड्रिलवर ही भीतीच नाही. त्याचं चाक सामान्यतः चकाला चौपट फिरवतं. मिनिटाला ६० वेळा मूठ फिरवली तर चक २४० फेरे घेतो आणि ६ मिमीच्या बिटाची धार मिनिटाला जेमतेम साडेचार मीटर सरकते. वेळ लागतो, पण बिट वर्षानुवर्षं टिकतो.

दाब किती द्यायचा? बरोबर कापतंय हे कसं ओळखायचं?

नवशिक्या माणसाला वाटतं त्यापेक्षा जास्त. वेग कमी आणि दाब भरपूर, हेच लोखंडाचं गणित आहे. हलका दाब दिला की धार लोखंडात घुसत नाही, वर घासते. घासण्यानं उष्णता होते, उष्णतेनं धार जाते.

उत्तर बिटाच्या दोन खाचांतून बाहेर येतं. दोन्हींमधून सारख्या जाडीचे, गुंडाळलेले, चकचकीत कीस येत असतील तर सगळं ठीक आहे. बारीक भुकटी येत असेल तर दाब कमी आहे किंवा धार गेली आहे. एकाच खाचेतून कीस येत असेल तर बिटाच्या दोन धारा सारख्या नाहीत, आणि अशा बिटाचं भोक मापापेक्षा मोठं होतं. कीस निळे पडत असतील तर लगेच वेग कमी करा. लांबच लांब कीस फिरायला लागला तर क्षणभर दाब सोडा, तो तुटतो. तो हातानं कधीही ओढू नका. थांबून ब्रशनं काढा.

तेल लागतंच का? खोबरेल चालतं का?

एखाद्या ३ मिमीच्या भोकाला तेलावाचून अडत नाही. ५ मिमीच्या पुढे किंवा जाड पट्टीत मात्र घालाच. कटिंग ऑइल उत्तम. ते नसेल तर शिलाई मशीनचं तेल, इंजिन ऑइल, अगदी खोबरेलसुद्धा चालतं. दर थोड्या खोलीनंतर बिट बाहेर काढून कीस झाडायचा आणि दोन थेंब सोडायचे. तेलाचा धूर निघू लागला तर तेल वाढवू नका, वेग उतरवा. तापलेला बिट पाण्यात बुडवू नका, धारेला बारीक तडे जातात.

आधी लहान भोक पाडून मग मोठं करावं का?

६ मिमीच्या पुढे हो. बिटाच्या टोकाची ती आडवी धार कापत नाही, लोखंड बाजूला रेटते, आणि दाबाचा मोठा वाटा तिथंच खर्च होतो. तिच्या रुंदीपेक्षा किंचित मोठं भोक आधी असेल तर मोठा बिट लोण्यात गेल्यासारखा जातो. ६.५ ते १० मिमीसाठी ३ मिमीचं पहिलं भोक पुरतं. ३, मग ५, मग ७, मग ८ अशा पायऱ्या करू नका. भोक जवळजवळ मापाचं असताना मोठा बिट फक्त कोपऱ्यांवर कापतो, अडकतो आणि भोक तिकोनी होतं.

सुरुवातीलाच बिट बाजूला सरकला. आता?

बिटाचं टोक पूर्ण व्यासापर्यंत शिरलेलं नसेल तर भोक परत आणता येतं. ज्या बाजूला भोक न्यायचं आहे, त्या बाजूच्या उतारावर गोल टोकाच्या छिन्नीनं एक खाच मारा. बिट पुन्हा लावला की तो खाचेकडे ओढला जातो. हे एकदोनदा करावं लागेल. एकदा पूर्ण व्यास कापला गेला की मग उपाय नाही.

भोक काटकोनात कसं पाडायचं?

दोन गुण्ये पट्टीवर एकमेकांना काटकोनात उभे करा आणि बिट दोघांशी ताडून पाहा. जवळ कोणी असेल तर त्यांना बाजूनं बघायला सांगा, कारण धरणाऱ्याला स्वतःच्या पुढचा-मागचा कल दिसत नाही. एक युक्ती मला फार आवडते: जुनी सीडी पट्टीवर ठेवायची, खूण तिच्या मधल्या भोकात येईल अशी. बिट आणि सीडीतलं त्याचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसलं की ड्रिल काटकोनात आहे. दोन दिशांनी पाहून घ्या, ड्रिल सुरू करण्याआधीच. मग सीडी काढून टाका.

आरपार निघताना बिट झटका देऊन का अडकतो?

तळाशी लोखंडाचा पातळ पापुद्रा उरलेला असतो. बिटाचं टोक त्यातून बाहेर पडतं, अडवणारं काही उरत नाही आणि तुमचा सगळा दाब बिटाला एकदम पुढे ढकलतो. धारा त्या पापुद्र्यात स्क्रूसारख्या शिरतात. हँड ड्रिलवर मूठ जागच्या जागी थांबते. विजेच्या ड्रिलवर मनगट पिरगळतं, किंवा पट्टी सुटून फिरते आणि हात कापते.

म्हणून पट्टी नेहमी वाइसमध्ये, नाहीतर सी क्लॅम्पनं टेबलाला जखडलेली हवी. हातात धरून कधीच नाही, भोक २ मिमीचं असलं तरी. खाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे तळाला आधार राहतो. खालून आवाज बदलला की दाब निम्म्यावर आणा. बिट अडकलाच तर ड्रिल बंद करून चक हातानं उलटा फिरवा आणि बिट मागे घ्या. बटण दाबून सोडवायला गेलात तर बारीक बिट हमखास मोडतो.

पातळ पत्र्याला भोक गोल का पडत नाही?

बिटाचं टोक पत्र्याच्या पार गेलं तरी धारांचे कोपरे अजून वरच असतात. त्यांना जागेवर धरून ठेवणारं काही नसतं. पत्रा दोन फळ्यांमध्ये घट्ट दाबून तिन्हींतून भोक पाडा. १ मिमीच्या आसपासच्या पत्र्याला पायऱ्यांचा स्टेप ड्रिल सगळ्यात चांगला.

भोक अर्ध्यावर अडलंय. बिट फिरतो, पण कापत नाही.

आधी ड्रिल उलट्या दिशेनं तर फिरत नाही ना ते पाहा. हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. दिशा बरोबर असेल तर बिट काढून धारेचे कोपरे बोटानं नव्हे, डोळ्यानं तपासा. ते गोल झाले असतील किंवा चमकत असतील तर बिट बोथट आहे. गॅसनं कापलेल्या कडेजवळ किंवा वेल्डिंगच्या बाजूला लोखंड कधी कधी कठीण झालेलं असतं. तिथं नवा धारदार बिट, वेग आणखी कमी, तेल आणि ठाम दाब. आत जुन्या बिटाचा तुकडा मोडून राहिला असेल तर दुसरा एचएसएस बिट त्याला कापणार नाही. मागच्या बाजूनं पंचानं ठोकून तो बाहेर काढावा लागतो.

बोथट बिटाला घरी धार लावता येते?

येते, आणि ती शिकावी असं मी प्रत्येकाला सांगतो. ग्राइंडरच्या दगडावर तीन गोष्टी साधायच्या: टोकाचा एकूण कोन ११८ अंश, दोन्ही धारा सारख्या लांबीच्या, आणि धारेमागचा भाग ८ ते १२ अंशांनी उतरता. हा उतार नसेल तर धार लोखंडाला टेकतच नाही, पाठ टेकते. ८-१० मिमीच्या बिटावर सराव करा, ३ मिमीच्या खाली माझ्या मते नवा घेणंच परवडतं.

काउंटरसिंक कोणत्या कोनाचा घ्यावा?

आपल्याकडे मिळणाऱ्या मेट्रिक चपट्या डोक्याच्या स्क्रूला ९० अंशांचा. इंची मापाच्या अमेरिकन स्क्रूंचं डोकं ८२ अंशांचं असतं आणि त्यासाठीचे काउंटरसिंकही बाजारात येतात, म्हणून घेताना कोन वाचून घ्या. कोन जुळला नाही तर डोकं एका बारीक वर्तुळावरच टेकतं. ते आज घट्ट वाटतं. दार रोज उघड-बंद होऊ लागलं की स्क्रू ढिला पडतो.

मोठ्या ड्रिल बिटानं काउंटर मारला तर चालतं ना?

सर्रास केलं जातं, पण नका करू. त्याचा कोन ११८ अंश, स्क्रूचा ९०. डोकं खालच्या कडेवर टेकतं आणि वरची कड अधांतरी राहते. शिवाय तयार भोकात मोठा बिट ओढला जातो आणि एका झटक्यात हवं त्यापेक्षा खोल जातो. भोकाच्या कडेची बर (कडेला उठलेली धारदार कोर) काढायला मात्र तो उत्तम आहे: मोठा बिट बोटांत धरून दोन-तीन वेळा फिरवला की कड साफ.

काउंटर मारताना कडेला लाटा उठतात. उपाय काय?

वेग कमी करा. त्याच मापाच्या बिटाच्या वेगाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर या. १२ मिमीच्या काउंटरसिंकला ते मिनिटाला १६० ते २२० फेरे होतात. विजेच्या ड्रिलचं बटण इतक्या खाली स्थिर धरणं कठीण असतं. हँड ड्रिल मात्र सहज फिरवलं तरी याच वेगानं फिरतं! म्हणून भोक विजेच्या ड्रिलनं पाडा आणि काउंटर हँड ड्रिलनं मारा, असं मी आग्रहानं सांगतो. काउंटरसिंकचा दांडा चकात मावतो का तेवढं आधी पाहा. सुताराचा ब्रेस (हातानं फिरवायचं वाकड्या दांड्याचं ड्रिल) असेल तर तोही छान, त्यावर छातीचा दाब देता येतो.

हत्यारही फरक करतं. एकाच धारेचा किंवा तिरपं भोक असलेला काउंटरसिंक लाटा जवळजवळ उठवत नाही. तीन धारांचा त्याखालोखाल. बऱ्याच दातांचा, गुलाबकळीसारखा दिसणारा काउंटरसिंक लाकडाला ठीक, लोखंडावर तो थरथरतो. लाटा आधीच पडल्या असतील तर कापडाची एक घडी भोकावर ठेवा, तिच्यावरून काउंटरसिंक दाबा आणि हँड ड्रिल हळूहळू फिरवा. थरथर कापडात जिरते आणि पृष्ठभाग सपाट होतो. हे विजेच्या ड्रिलवर करू नका, कापड गुंडाळलं जातं.

किती खोल जायचं?

९० अंशांच्या काउंटरला हिशेब सोपा आहे: डोक्याच्या व्यासातून भोकाचा व्यास वजा करा आणि निम्मे करा. आपल्या उदाहरणात एम ६ च्या एलन सीएसके (षटकोनी चावीच्या, चपट्या डोक्याच्या) स्क्रूचं डोकं १२ मिमी आणि भोक ६.५ मिमी, म्हणून खोली २.७५ मिमी. प्रत्यक्षात खोली मोजत बसायची गरज नाही. स्क्रू उलटा करून त्याचं डोकं काउंटरच्या तोंडावर टेकवा. दोन्ही वर्तुळं सारखी झाली की थांबा. मग स्क्रू सरळ बसवून बोटानं चाचपा. फुली असलेल्या स्क्रूचं डोकं एलनपेक्षा थोडं लहान असतं, म्हणून तपासणी हातातल्याच स्क्रूनं करा.

भोकाची मापंही इथंच देतो. स्क्रू मोकळा जाण्यासाठी एम ४ ला ४.५, एम ५ ला ५.५, एम ६ ला ६.५ आणि एम ८ ला ९ मिमी. आटे पाडायचे असतील तर त्याच क्रमानं ३.३, ४.२, ५ आणि ६.८. आट्यांच्या भोकालाही टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालण्याआधी हलका काउंटर मारा, टॅप सरळ बसतो आणि पहिला आटा उचलला जात नाही.

पट्टी ३ मिमीचीच आहे. एम ६ चा काउंटर बसेल?

नाही. त्या स्क्रूच्या डोक्याची उंचीच ३.३ मिमी आहे, म्हणून शंकू पट्टीच्या खालून बाहेर येतो आणि भोक मोठं होतं. पकडायला उरते ती नुसती धारदार कड. एम ४ वर या, किंवा बुटक्या गोल डोक्याचा स्क्रू वापरा. खालीही लोखंडच असेल तर शंकूचा शेवट त्यात उतरवता येतो.

काम झाल्यावर लगेच स्क्रू आवळायचा का?

आधी दोन्ही बाजूंची बर काढा. दोन पट्ट्या एकत्र जखडून भोक पाडलं असेल तर त्या सुट्या करा, कारण मधली बर पट्ट्यांना एकमेकींवर सपाट बसू देत नाही. तेल पुसा. काउंटरमध्ये नुकतंच उघडं पडलेलं लोखंड सगळ्यात आधी गंजतं, कोकणात तर एका पावसात. तिथं रेड ऑक्साइडचा (गंजरोधक प्रायमरचा) एक हात द्या, वाळू द्या, आणि स्क्रूला थोडं ग्रीस लावून आवळा. पुढच्या वेळी तो काढायचा असेल तेव्हा तो निघेल.

हातमोजे घालावेत का?

फिरत्या बिटाजवळ कापडी हातमोजे घालू नका, बिट कापड पकडून बोट ओढून घेतो. हीच गोष्ट ओढणीची, मोकळ्या केसांची, सैल बाह्यांची, मनगटातल्या धाग्याची आणि कड्याची. डोळ्यांवर गॉगल मात्र हँड ड्रिलनं काम करतानाही हवा. कीस झाडताना तोंडानं फुंकू नका, उडालेला कण थेट डोळ्यात जातो. चकाची चावी लावून फिरवली की त्याच क्षणी काढून खिशात टाका.